नोंदणीआधी दुसऱ्या कीपरचाही विचार करा

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

पाऊस लागला, मैदानात गुडघाभर पाणी साचलं, म्हणजे कोल्हापूरचा फुटबॉल हंगाम संपला. आता चहाच्या गाड्यांवर एकच विषय. पुढच्या वर्षी कोण कुठं? अमक्याचा स्ट्रायकर तमक्यानं उचलला, गोव्याहून दोघं येणार, एक परदेशी जवळजवळ ठरलाय, फक्त आकड्यावर अडलंय. आमदारांनी पक्ष बदलला की आपण नावं ठेवतो. आपल्याकडं बचावातले बॅक आणि मधल्या फळीतले हाफ दरवर्षी तेच करतात, तेव्हा पेढे वाटतो. केएसएची, म्हणजे कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनची, खेळाडू नोंदणी सुरू व्हायच्या आत एक गोष्ट सांगायची होती, म्हणून हे पत्र. लांबलं आहे. कापाकापी करावी लागली तर माझ्या आठवणी कापा, पण त्या पोराचा मजकूर ठेवा.

पोरगा सतरा वर्षांचा. आमच्याच पेठेतला, माझ्या घरापासून तिसऱ्या बोळात. मी रोज सकाळी सहा ते साडेसात पेठेतल्या पाच-सहा पोरांना कीपिंग शिकवतो. पैसे घेत नाही, कुणी देतही नाही. त्यातलाच हा. उंची बरी, हात मोठे, आणि मुख्य म्हणजे चेंडू अंगावर आला की डोळे मिटत नाही. हे शिकवून येत नाही. गेल्या हंगामात आमच्या संघानं त्याची नोंदणी केली ती यादी भरण्यापुरती. पहिला कीपर बाहेरून आणलेला, मानधनावरचा. कीपर चांगला होता, त्याच्याबद्दल माझी तक्रार नाही. आमचा पोरगा सगळा हंगाम बाकावर बसला. साखळी सामने झाले, दोन चषक झाले, पण त्याला एक मिनिट मिळालं नाही. साखळीत एक सामना आम्ही चार-शून्यनं जिंकत होतो, दहा मिनिटं उरली होती. मी गॅलरीतून प्रशिक्षकाला हातवारे करून सांगत होतो, पोराला घाल. त्यानं बघून न बघितल्यासारखं केलं.

मग मे महिन्यात एका चषकाची सेमीफायनल आली. आदल्या संध्याकाळी सरावात पहिल्या कीपरचं बोट मोडलं. दुसऱ्या दिवशी शाहू स्टेडियमवर, हजारो लोकांसमोर, पोरगा आयुष्यात पहिल्यांदा वरिष्ठ संघाच्या गोलमध्ये उभा राहिला. पूर्वार्धात दोन चांगले चेंडू अडवले. आम्ही एक-शून्यनं पुढं होतो. उत्तरार्धात शेवटची दहा-बारा मिनिटं राहिली असताना डावीकडून उंच क्रॉस, म्हणजे कडेनं गोलसमोर टाकलेला चेंडू, आला. तो निघाला, तीन पावलं टाकली आणि थांबला. ना पुढं, ना मागं. चेंडू त्याच्या डोक्यावरून गेला आणि समोरच्यांच्या फॉरवर्डनं नुसतं कपाळ लावलं. टायब्रेकरमध्ये, म्हणजे पेनल्टीच्या फटक्यांवर, आम्ही हरलो.

तो का थांबला ते गोल पोस्टखाली उभं राहिलेल्याला लगेच कळतं. क्रॉसला बाहेर पडताना कीपर ओरडतो आणि ते ऐकून बॅक वाट सोडतो. सरावाच्या मैदानात तो आवाज पन्नास फुटांवर ऐकू येतो. भरलेल्या स्टेडियममध्ये स्वतःचाच आवाज स्वतःला ऐकू येत नाही. अशा वेळी बॅकला कीपरच्या पावलांची सवय लागते, हा कुठल्या चेंडूला येतो आणि कुठल्याला नाही हे न बघता कळायला लागतं. ही सवय वीस-पंचवीस सामन्यांची कमाई असते. आमच्या बॅकनी त्याला सामन्यात कधी पाठीशी घेतलंच नव्हतं. पोरगा ओरडला, बॅक हललाच नाही, पोराला वाटलं चेंडू तोच घेणार, म्हणून तो थांबला. चूक त्याचीच धरली तरी ती करायची जागा साखळीतला चार-शून्यचा सामना होता. आपण त्याला ती सेमीफायनलमध्ये करायला लावली.

पुढचं लिहायला लाज वाटते. गॅलरीतून काय शिव्या आल्या ते छापता येणार नाही. रात्री बारापर्यंत मोबाइलवर त्याच्या फोटोचे स्टेटस फिरत होते. सकाळी त्याच्या घराच्या कडीला कुणीतरी पिठाची चाळण अडकवून ठेवली होती. त्याच्या आईला आधी वाटलं, शेजारणीनं नेलेली परत आणून दिली. ती आत घेऊन गेली आणि कणीक चाळायला बसली. पोरानं बघितलं आणि काही न बोलता सायकल काढून निघून गेला. तेव्हापासून तो मैदानात नाही.

कबूल करतो, गोल झाला त्या क्षणी मीही गॅलरीत कपाळावर हात मारून एक शिवी हासडली होती. शिकवणारा मी, आणि शिवी देणाराही मीच.

माझी स्वतःची गोष्ट थोडक्यात सांगतो. ऐंशीच्या दशकात मी पेठेच्या संघाचा दुसरा कीपर होतो. पहिले कीपर आम्ही ज्यांना अण्णा म्हणायचो ते, पस्तिशीला टेकलेले, पण त्यांच्या जागेवर बोट ठेवायची कुणाची छाती नव्हती. साखळीत एखादा कच्चा संघ समोर आला की मध्यंतराला अण्णांचं पोट बिघडायचं. "पोटात कळ आलीया, ह्येला उभा करा" म्हणून ग्लोव्ह्ज माझ्या अंगावर फेकायचे. तेव्हा ग्लोव्ह्जसुद्धा संघात एकच जोडी. एका सामन्यानंतर मी त्यांना मिसळीच्या दुकानात दुसऱ्यांदा कट मागून घेताना बघितलं. म्हटलं, "अण्णा, पोट?" ते म्हणाले, "गप खा." दोन हंगामांनी त्यांनी खरोखरच बूट खुंटीला टांगले, तेव्हा माझे अर्धे-मुर्धे धरून बारा-तेरा सामने झालेले होते. पहिल्याच मोठ्या सामन्यात माझे पाय लटपटले नाहीत असं नाही, पण आमचे बॅक माझा आवाज ओळखत होते. आपल्या जागेवर उद्या कोण, हे अण्णांनी कुणी न सांगता ठरवलं होतं.

आता परदेशातलं एक उदाहरण देतो. तिकडं असं नि इकडं तसं म्हणायचा मला सोस नाही, पण हे उदाहरण आपल्या पेठांच्या फार जवळचं आहे. माझा पुतण्या रात्री जागून स्पेनचे सामने बघतो, त्याच्या नादानं मीही बघायला लागलो. बिल्बाओ हे शहर लोकवस्तीनं आपल्या कोल्हापूरपेक्षा लहान. तिथला अ‍ॅथलेटिक क्लब शंभराहून जास्त वर्षं एक हट्ट धरून बसला आहे. बिल्बाओभोवतीच्या बास्क मुलखात जन्मलेला नाहीतर तिथं खेळ शिकलेला खेळाडूच आमचा शर्ट घालेल. म्हणजे आपला पेठेचा अभिमानच, फक्त त्यांनी तो नियमासारखा पाळला. आणि हा हट्ट धरून ते स्पेनच्या पहिल्या गटातून आजवर एकदाही खाली घसरलेले नाहीत. असे तिथं तीनच संघ, बाकीचे दोन रिअल माद्रिद आणि बार्सिलोना.

बाजार बंद म्हटल्यावर पर्याय घरातच तयार ठेवावा लागतो. त्यांचं सरावाचं गाव लेझामा. तिथल्या पोरांना वर चढायला पायऱ्या बांधलेल्या आहेत. आधी बास्कोनिया नावाचा खालच्या गटातला जोडसंघ, मग बिल्बाओ अ‍ॅथलेटिक हा दुसरा संघ आणि मग मोठा संघ. प्रत्येक पायरीवर खरे सामने, खऱ्या गुणतक्त्यासाठी. नुसती नेट प्रॅक्टिस नाही.

२०१८ च्या ऑगस्टमध्ये त्यांचा पहिला कीपर केपा याला इंग्लंडच्या चेल्सी क्लबनं ८ कोटी युरो मोजून नेलं. कीपरसाठी तेवढी रक्कम तोवर कुणी दिली नव्हती. हंगाम तोंडावर आलेला, त्यात नंबर दोनचा कीपर दुखापतीनं बाहेर आणि तिसऱ्याचा क्लबशी कराराचा वाद. पैशांची थैली भरलेली, पण नियमामुळं जगाच्या बाजारात जाता येत नाही. त्यांनी काय केलं? उनाय सिमॉन नावाचा एकवीस वर्षांचा पोरगा, जो बास्कोनिया आणि दुसऱ्या संघात खेळून आलेला होता आणि ज्याला काही आठवड्यांपूर्वीच एल्चे या खालच्या गटातल्या संघाकडं उसना दिला होता, त्याला माघारी बोलावलं आणि पहिल्याच सामन्यात उभं केलं. ते सामना जिंकले. पण गोष्ट इथं संपत नाही, आणि मला आवडतं ते हेच. काही आठवड्यांनी नंबर दोनचा कीपर बरा होऊन आला आणि पुढं पोराची जागा गेली. त्यानं उरलेला हंगाम बहुतेक बाकावर काढला. पुढच्या हंगामात जागा परत मिळवली ती कायमची, आणि मग स्पेनच्या संघात गेला.

२०२१ मध्ये युरो या युरोपातल्या देशांच्या स्पर्धेत क्रोएशियाविरुद्ध त्याच्याकडून काय झालं ते अनेकांनी पाहिलं असेल. त्याच्याच संघातल्या पेद्रीनं लांबून मागं दिलेला साधा पास, पायानं थांबवायचा एवढंच. चेंडू त्याच्या बुटाला चाटून गोलमध्ये गेला. सगळं जग हसलं. स्पेननं तो सामना जादा वेळेत ५-३ असा जिंकला. त्याचे प्रशिक्षक लुईस एन्रिके यांनी पुढच्याच, स्वित्झर्लंडविरुद्धच्या उपांत्यपूर्व सामन्यात त्यालाच उभं केलं आणि टायब्रेकरमध्ये त्यानं दोन फटके अडवले. २०२४ ला स्पेन युरो विजेता झाला तेव्हा अंतिम सामन्यात गोलमध्ये तोच होता. आमच्या पोराच्या क्रॉसपेक्षा सिमॉनची चूक शंभर पटीनं बावळट होती, हे मी चाळीस वर्षांच्या कीपिंगच्या जोरावर सांगतो. त्याच्या दाराला कुणी चाळण लावली की नाही, देव जाणे. प्रशिक्षकानं लावली नाही, एवढं नक्की.

आणखी एक. तोच सिमॉन पहिला कीपर असताना बिल्बाओनं त्याच्या मागं आगिरेझाबाला नावाचा पुढचा पोरगा तयार करायला घेतला. साखळीत सिमॉन आणि स्पेनच्या राजाच्या चषकात हा धाकटा, अशी वाटणी. २०२४ ला ते या चषकाच्या अंतिम सामन्यात पोचले. चाळीस वर्षं त्यांना तो चषक मिळालेला नव्हता. आपल्याकडं काय झालं असतं? "आता फायनल हाय, आता थोरल्याला घाल." त्यांनी धाकट्यालाच खेळवला. सामना मायोर्काशी, टायब्रेकरवर गेला आणि ते जिंकले.

आपल्याकडं साखळी एक आणि चषक अनेक. वाटणी करायला याहून सोयीचं काय असतं?

गेल्या महिन्यात मी एक खटाटोप केला. कार्डबोर्डवर अकरा चौकटी आखल्या, मैदानावर उभे राहतात तशा. प्रत्येक चौकटीत तीन ओळी. वर आजचा खेळाडू आणि त्याचं वय. मधल्या ओळीत उद्या तो नसेल तर कोण. खाली तीन वर्षांनी तिथं उभा राहू शकेल असा पेठेतला पोरगा. आमच्या संघाची वरची ओळ झोकात भरली. त्यातले चार बाहेरचे, म्हणजे पुढच्या वर्षी आपले की दुसऱ्याचे ते त्यांनाच माहीत नाही. लेफ्ट बॅक तेहतीस वर्षांचा, गुडघ्याला पट्टा बांधून खेळतो. दोन्ही स्टॉपर, म्हणजे मधले बॅक, तिशी ओलांडलेले, म्हणजे जातील तेव्हा जोडीनंच जातील. मधली ओळ अकरापैकी सात चौकटींत कोरी राहिली. खालच्या ओळीत मी भरभर नऊ नावं लिहिली, कारण सकाळी मैदानावर पोरं आहेत. डोळ्यांना दिसतात. त्यांना वर नेणारी मधली पायरीच नाही. तो कार्डबोर्ड मी आमचा संघ चालवणाऱ्या तालमीत नेऊन दाखवला. एक कार्यकर्ता म्हणाला, "काका, ह्यात चषक कुठं दिसना." खरं आहे, माझ्या कार्डबोर्डावर चषक नव्हता.

त्यांची बाजूही मांडतो, नाहीतर अन्याय होईल. संघ चालवणं म्हणजे खेळ नव्हे. बूट, जर्सी, मानधन, बाहेरच्यांची खोली, जेवण, गाडीभाडं. देणगी देणारा यंदाचा चषक मागतो, त्यातून निवडणूक जवळ असली तर विचारू नका. सामना हरला की कार्यकर्त्याला मंडईत तोंड दाखवता येत नाही. आणि बाहेरच्या खेळाडूंवर माझा अजिबात राग नाही. काही वर्षांपूर्वी आमच्याकडं एक नायजेरियन मिडफिल्डर होता. मराठीतल्या शिव्या आधी शिकला, मराठी नंतर. पाठीवर माणूस घेऊन चेंडू कसा झाकायचा हे आमच्या दोन पोरांनी त्याच्याकडं बघून उचललं, ते मी दहा वर्षं ओरडून शिकवू शकलो नसतो. असा माणूस जरूर आणा. फक्त त्याच्याशी ठरवताना एवढी अट घाला, की बाबा, आठवड्यातून दोन सकाळी पोरांबरोबर उतरायचं.

आपल्या कोल्हापूरचा अनिकेत जाधव २०१७ च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळला तेव्हा गावभर फलक लागले. अभिमान मलाही वाटला. पण तो लहानपणीच पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत गेला आणि तिकडं घडला. सगळ्यांना अशी वाट मिळत नाही, आणि पुण्याच्या वाटाही बंद होत गेल्या. पुणे एफसी २००७ मध्ये निघाला, चांगली अकादमी उभी केली, मग तो संघच राहिला नाही. एफसी पुणे सिटी २०१४ ला आला, २०१९ ला गुंडाळला. मुंबईचा महिंद्रा युनायटेड त्याआधी २०१० मध्येच बंद झाला होता. कंपनीचा संघ ताळेबंद बघून दुकान उघडतो आणि मिटतो. आपल्या तालमी पिढ्यान् पिढ्या उभ्या आहेत. आजोबा, बाप, नातू एकाच रंगाचा शर्ट घालून आलेली घरं मी दाखवतो. वीस वर्षांचा बेत करायचा हक्क कुणाला असेल तर तो अशा संघांना. आणि आपण बेत करतो नऊ महिन्यांचा.

केएसएच्या पदाधिकाऱ्यांना एक नम्र विनंती. युरोपच्या क्लब स्पर्धांत संघाची मुख्य यादी पंचवीस खेळाडूंची असते. त्यातल्या आठ जागा त्याच देशात घडलेल्यांसाठी राखीव, आणि त्या आठांतले निदान चार खुद्द त्या क्लबमध्ये घडलेले लागतात. घडलेला म्हणजे पंधरा ते एकवीस या वयात तीन हंगाम तिथं नोंदलेला. तेवढे नसतील तर त्या जागा रिकाम्या राहतात, यादीच लहान होते. दंड नाही, बंदी नाही, पण मोठमोठे क्लब मुकाट्यानं पोरं वाढवतात. आपल्या वरिष्ठ गटातल्या १६ संघांना असं काही लावता येईल का? आठ नको, तीन जागा ठेवा. आणि नुसतं यादीत नाव नको, नाहीतर पोरगं पुन्हा बाकावरच. साखळीत एकोणीस वर्षांखालचा एक तरी पोरगा पूर्ण अर्धा सामना मैदानावर असलाच पाहिजे, एवढं केलं तरी पुष्कळ. सगळ्यांना सारखाच नियम असला की कार्यकर्त्यालाही गॅलरीला सांगता येईल, "आम्ही काय करणार, नियमच हाय." त्या बिचाऱ्यालाही एक निमित्त हवंच असतं.

आता पुन्हा पोराकडं. गेल्या रविवारी त्याच्या घरी गेलो. तो माळ्यावर झोपला होता, आईनं हाक मारली तेव्हा खाली आला. कीपिंगचं बोललो नाही. बारावीला किती पडले, पुढं काय, असं विचारलं. आयटीआयला अर्ज भरलाय म्हणाला. मी उठलो तेव्हा दारापर्यंत आला आणि म्हणाला, "काका, त्यो क्रॉस मी घ्यायला पायजे हुता काय?" म्हटलं, "हो. आणि ओरडल्यावर थांबायचं नाही, बॅकला घेऊन पडायचं." तो मान हलवून आत गेला.

तालमीत त्याच्या नोंदणीचं विचारलं तर "बघू" म्हणाले. बाहेरून नवा कीपर ठरतोय असं ऐकतो. त्याच्या आईकडून मी पोराच्या आधार कार्डाची झेरॉक्स, जन्मदाखला आणि दोन फोटो मागून आणलेत. पाकीट माझ्या टेबलाच्या खणात आहे. आमच्या संघाला नको असेल आणि दुसऱ्या कुठल्या पेठेला दुसरा कीपर हवा असेल, तर आपल्या कार्यालयाकडं निरोप ठेवावा, मी पोचवीन. पेठ मला काय म्हणायचं ते म्हणेल.

आपला,
एक जुना कीपर, कोल्हापूर
(नाव छापू नये ही विनंती. सकाळी त्याच गाडीवर चहा प्यायचा असतो.)